एका पडद्याची कुळकथा

माणसांप्रमाणे शब्दांनाही कुळ असते. काही शब्द जन्मभर एकाच घरी नांदतात. काही मात्र लहानपणीच घर सोडून देशांतरास जातात, निरनिराळ्या धंद्यांत शिरतात, निरनिराळे पोशाख करतात; आणि पुढे त्यांचीच भावंडे समोरासमोर आली तरी एकमेकांस ओळखीनाशी होतात. 'डायफ्राम' हा शब्द या दुसऱ्या जातीचा आहे. त्याची कुळकथा आज आमच्या वाचकांस सांगावी असे योजिले आहे. एका परकीय शब्दाची एवढी चौकशी कशास, अशी शंका कोणी घेईल. तथापि हा शब्द परका असला, तरी ज्या वस्तूचा तो वाचक आहे ती वस्तू आपणा प्रत्येकाच्या देहात, छाती आणि पोट यांच्या मधोमध, क्षणाचीही उसंत न घेता राबत आहे, एवढे उत्तर त्यास पुरेसे व्हावे.

दृष्टान्तासाठी नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा हे गाव घेऊ. नागपूर शहराच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या आसमंतात हे गाव आहे. भोवतालचा टापू कोळशाच्या खाणींचा. सिल्लेवाडा, वलनी ही नावे त्या खाणींमुळेच सर्वतोमुखी झाली. याच कोळशाच्या आधाराने येथे मोठे औष्णिक वीजघर उभे राहिले. १९८९ पासून २००१ पर्यंत प्रत्येकी २१० मेगावॅटचे चार संच आणि २०११ साली ५०० मेगावॅटचा पाचवा संच सुरू झाला, तेव्हा त्याची एकंदर शक्ती १३४० मेगावॅट झाली. अशा गावी 'डायफ्राम' हा शब्द किती मुखांतून निघत असेल याची कल्पना करावी. वीजघरातील फिटर झडपेतील रबरी पापुद्र्यास डायफ्राम म्हणतो. टर्बाइनवर काम करणारा अभियंता पोलादाच्या जाड चकतीस डायफ्राम म्हणतो. दवाखान्यातील डॉक्टर छातीचे क्ष-किरण चित्र उजेडापुढे धरून 'डायफ्राम खाली गेलेला दिसतो' असे म्हणतात. लग्नकार्यात छायाचित्रे घेणारा आपल्या कॅमेऱ्यातील डायफ्राम उघडतो व मिटतो. आणि त्याच गावच्या शाळेतील मूल 'श्वासपटल' हा शब्द घोकून परीक्षेस बसते. बाप दिवसभर जो शब्द उच्चारतो तोच आपला मुलगा संध्याकाळी पाठ करीत आहे, ही गोष्ट त्या बापास ठाऊक नसते आणि मुलासही नसते. एकाच घरात ज्ञानाच्या दोन खोल्या पडतात आणि मधल्या दाराची कडी कोणीच काढीत नाही. ती कडी काढून पाहावी, हाच या लेखाचा हेतू.

आता मुळाकडे वळू. हा शब्द ग्रीक भाषेतील आहे. 'दिआ' म्हणजे आरपार, मधून. आणि 'फ्राग्मा' म्हणजे कुंपण, आडोसा. 'कुंपण घालणे, अडविणे' या अर्थाच्या क्रियापदापासून ते नाम झाले. तेव्हा 'दिआफ्राग्मा' म्हणजे एका जागेचे दोन भाग करणारा मधला आडोसा. आपल्या भाषेत याला अगदी जवळचा शब्द शोधावयाचा तर तो 'कूड' होय. काटक्या किंवा कामट्या विणून, वरून माती लिंपून उभी केलेली मधली भिंत म्हणजे कूड. आणि ग्रीकांचे कुंपणही मुळात अशाच घराच्या व शेताच्या व्यवहारातले. योगायोग असा की, आपल्याकडे देहालाही 'कुडी' म्हणतात. ही कुडी म्हणजे कुटी, लहानशी झोपडी, अशी तिची व्युत्पत्ती सांगितली जाते. देह ही झोपडी मानली, तर तिच्यातील मधल्या पडद्यास कूड म्हणणे किती शोभून दिसले असते!

देहातील पडद्यास घराच्या भिंतीची उपमा देणारे आम्ही पहिले नव्हे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात प्लेटोने आपल्या 'टिमेयस' नामक संवादात ती देऊन ठेविली आहे. त्याच्या कल्पनेप्रमाणे जीवाचा अमर अंश मस्तकात राहतो आणि मर्त्य अंश धडात. परंतु हा मर्त्य अंशही एकजिनसी नाही. त्याचा एक भाग शौर्याचा व तेजाचा, दुसरा भूकतहान आणि वासना यांचा. देवांनी पहिल्यास छातीत, मस्तकाच्या हाकेच्या टप्प्यात ठेविले, म्हणजे बुद्धीची आज्ञा त्यास ऐकू यावी. दुसऱ्यास पोटात, दावणीला बांधलेल्या रानटी जनावराप्रमाणे, दूर ठेविले. आणि घरात जसा पुरुषांचा भाग व बायकांचा भाग निराळा करावा, तसा या दोहोंच्या मध्ये त्यांनी एक आडपडदा घातला. तोच हा डायफ्राम. ग्रीकांच्या घरी अशी विभागणी असे. आपल्या जुन्या वाड्यांत वाढलेल्या वाचकांस ती निराळी समजावून सांगावयास नको. ओसरीवर पुरुषांची बैठक, आत बायकांचा वावर, आणि दोहोंच्या मध्ये माजघर! या माजघरातूनच ओसरीवरचा निरोप स्वयंपाकघरात जाई व तेथला फराळ ओसरीवर येई. ज्या गृहिणीने माजघर सांभाळले तिला ठाऊक असते की, मधली जागा नुसती वेगळे करीत नाही, ती दोन्हीकडचा व्यवहारही चालविते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

प्लेटोच्या आधी मात्र ग्रीक लोक या पडद्यास दुसऱ्याच नावाने ओळखीत. ते नाव 'फ्रेन', अनेकवचनी 'फ्रेनेस'. होमरच्या महाकाव्यांत हा शब्द छातीच्या तळाशी असलेल्या अवयवास लाविलेला आढळतो आणि त्याच शब्दाने मन, विचार, शहाणपण यांचाही बोध होतो. हर्ष झाला की तेथे उचंबळते, भय वाटले की तेथे थरकाप होतो, म्हणून मनाचे वसतिस्थान तेच असले पाहिजे, असा त्या प्राचीनांचा ग्रह. आपण त्यांस हसू नये. आपली मराठी बोली तरी काय सांगते? भयाने आपल्या 'पोटात गोळा येतो'; दुसऱ्याचे दुःख पाहून 'पोटात कालवते'; गुपित 'पोटात ठेवावे' लागते; आणि ज्याला ते साधत नाही त्याचे 'पोटातले ओठावर' येते. आईची माया पोटात असते. मन मेंदूत असते हे शाळेत शिकलेला माणूसही बोलताना ते पोटातच शोधतो. कारण भावनेचा पहिला धक्का श्वासास बसतो आणि श्वासाची किल्ली याच पडद्याच्या हाती आहे.

या समजुतीस विरोध करणारा शहाणा पुरुषही ग्रीसमध्येच निपजला. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या सुमारास, हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका वैद्याने अपस्माराविषयी एक प्रबंध लिहिला. अपस्मार हा देवाचा कोप नसून मेंदूचा विकार आहे, हे त्यात प्रतिपादन करताना त्याने या पडद्याचाही समाचार घेतला आहे. त्याचे म्हणणे असे की, 'फ्रेनेस' हे मनवाचक नाव या अवयवास केवळ योगायोगाने व रूढीने चिकटले आहे; विचार करण्याची शक्ती त्याच्या ठायी मुळीच नाही. आकस्मिक हर्षाने वा शोकाने तो उसळी घेतो हे खरे. परंतु तो पातळ आहे आणि रुंद ताणलेला आहे, म्हणून उसळतो. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी, नावावरून वस्तूची परीक्षा करू नये हा धडा इतक्या स्पष्टपणे सांगणाऱ्या त्या अनामिक वैद्यास आम्ही आदरपूर्वक वंदन करतो.

तरी रूढी मरत नाही. 'फ्रेन' हा शब्द मनाच्या अर्थाने पुढे युरोपभर पसरला. इंग्रजीतील उन्मादवाचक 'फ्रेन्झी' हा शब्द त्याच्याच वंशातला. कवटीवरील उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगणारे 'फ्रेनॉलॉजी' नावाचे एकोणिसाव्या शतकातील खोटे शास्त्र त्याच्याच नावावर चालले. १९०८ साली स्विस मनोरोगतज्ज्ञ ब्लॉयलर याने 'स्किझोफ्रेनिया' हे नाव योजिले तेही त्यावरूनच. आपण त्या विकारास छिन्नमनस्कता म्हणतो. आणि गंमत अशी की, मूळ अवयवाशी इमान राखून राहिलेला एकच वंशज उरला. या पडद्यास चालविणाऱ्या मज्जातंतूस वैद्य आजही 'फ्रेनिक' म्हणतात.

आता प्रत्यक्ष अवयवाकडे वळू. हा पडदा भिंतीसारखा उभा नसतो. तो आडवा, घुमटाच्या आकाराचा असतो. कडा स्नायूच्या असून त्या बरगड्यांना, उरोस्थीला व पाठीच्या कण्याला जखडलेल्या आहेत, आणि घुमटाचा माथा चिवट कंडरेचा आहे. उजवीकडे खाली यकृत असल्यामुळे तो भाग डावीपेक्षा किंचित उंच असतो. स्नायू आकुंचन पावला की घुमट खाली सपाट होतो, छातीची पोकळी वाढते, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा आपोआप आत शिरते. स्नायू सैल पडला की घुमट पुन्हा वर चढतो आणि हवा बाहेर पडते. आपण श्वास 'ओढतो' म्हणतो. वस्तुतः आपण जागा करून देतो आणि हवा येते. लोहाराचा भाता पाहिलेल्यास हे एका दृष्टीत कळेल. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत येते, आणि तेवढ्यासाठी हा घुमट अवघा एकदोन सेंटिमीटर हलतो. मिनिटास पंधरा श्वास धरले तर अहोरात्रात २१,६०० श्वास होतात. आपल्याकडे योगग्रंथांत अजपा जपाची जी संख्या सांगितली आहे ती नेमकी हीच. घड्याळ नसलेल्या काळी हा हिशेब कोणी केला असेल, त्याची नजर मोठी सूक्ष्म असली पाहिजे.

कुंपण म्हटले की त्यास फाटक हवेच. या पडद्यास तीन मोठी दारे आहेत. एकातून शरीराच्या खालच्या भागाचे अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणारी मोठी नीला वर जाते. दुसऱ्यातून अन्ननलिका खाली जठराकडे उतरते. तिसऱ्यातून महारोहिणी शुद्ध रक्त घेऊन जाते. अन्ननलिकेच्या दारात पडद्याचे स्नायू फासासारखे वेढा घालून असतात, त्यामुळे जठरातील आम्लरस वर चढू शकत नाही. वय, स्थूलपणा किंवा अन्य कारणाने हे दार सैल झाले की घशाशी आंबट येते, छातीत जळजळते. ते दुखणे पुष्कळदा पित्ताच्या नावावर खपते. खरा दोष दारवानाचा असतो.

या पडद्याचा मज्जातंतू कोठून येतो हे कळल्यावर वाचकांस नवल वाटेल. पोटाच्या शेजारच्या या अवयवाची आज्ञा मानेतून येते. गर्भावस्थेच्या प्रारंभी या पडद्याची घडण मानेच्या प्रदेशात होते. पुढे गर्भ वाढतो तसा तो खाली सरकतो, आणि आपला मज्जातंतू माहेरच्या दोरीसारखा मागे ओढून आणतो. म्हणूनच मानेच्या वरच्या भागी मज्जारज्जूला जबर इजा झाली तर श्वास बंद पडतो, आणि पडद्याखाली यकृताजवळ वा पित्ताशयाजवळ दाह झाला तर कधी कधी कळ खांद्यात येते. दुखणे एकीकडे, कळ दुसरीकडे! खांदा चोळीत बसण्यापूर्वी हे लक्षात असावे.

घराघरांत या पडद्याची ओळख आणखी एका निमित्ताने होते. तो अवचित आचका देतो आणि त्याच क्षणी कंठातील फट मिटते. त्या धक्क्याचा जो आवाज तीच उचकी. उचकी लागली की कोणी तरी आठवण काढली असे आपण म्हणतो, एकेकाचे नाव घेतो, आणि ज्याच्या नावाला ती थांबते त्याने आठवण काढली असे ठरवितो. नावे घेता घेता लक्ष दुसरीकडे जाते, श्वासाची लय बदलते; उपाय अगदीच निराधार नाही. गर्भातील मुलासही उचकी लागते आणि पुष्कळ मातांस ती जाणवते. आयुर्वेदाने हिक्का व श्वास या दोन विकारांचा विचार एकत्र केला आहे. चरकसंहितेत त्यांचा अध्याय एकच आहे. दोहोंचे मूळ एका यंत्रणेत आहे, हे त्या आचार्यांनी निरीक्षणाने ताडले होते असे दिसते.

पाळण्यात निजलेल्या तान्ह्या मुलाकडे पाहावे. त्याची छाती फारशी हलत नाही. पोटच वरखाली होते. ते जवळजवळ सर्वस्वी या पडद्याने श्वास घेत असते. मोठेपणी घाई, काळजी आणि वाकून बसण्याची सवय यांमुळे आपण हा नैसर्गिक श्वास विसरतो आणि वरच्या छातीने धापा टाकू लागतो. गवई शिष्यास 'आवाज पोटातून काढ' असे बजावतात, प्राणायामाचे शिक्षक पोटावर हात ठेवून श्वास पाहावयास सांगतात. दोघेही नकळत या एकाच स्नायूस हाक मारीत असतात.

आता हा शब्द देह सोडून कारखान्यात कसा गेला ते पाहू. वाफेच्या टर्बाइनमध्ये, सुमारे ५४० अंश सेल्सिअस इतकी तापलेली वाफ पात्यांच्या चक्रांवर सोडून अक्ष मिनिटास ३००० फेरे या वेगाने फिरविला जातो. वाफेचा सारा दाब एकाच चक्रावर खर्च करू गेल्यास वेग आवाक्याबाहेर जाईल. म्हणून एकामागे एक अनेक चक्रे मांडून दाब हप्त्याहप्त्याने उतरवितात. फ्रेंच अभियंता रातो याने रूढ केलेल्या या रचनेत दर दोन फिरत्या चक्रांच्या मध्ये एक स्थिर पोलादी चकती असते. दोन अर्धवर्तुळे जोडून ती केलेली असते, मधल्या भोकातून अक्ष जातो, आणि कडेच्या तिरप्या वाटांतून वाफ वेगाने पुढच्या पात्यांवर आदळते. ही चकती म्हणजे डायफ्राम. एका अंगास अधिक दाब, दुसऱ्या अंगास कमी; मध्ये आडोसा, आणि आडोशातच वाट. छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याचे वर्णन याहून निराळे ते काय करावयाचे?

वीजघरात त्याची आणखी भावंडे सापडतात. हवेच्या दाबाने उघडमीट होणाऱ्या झडपांत रबरी पडदा बसविलेला असतो. तो फुगला की दांडा सरकतो आणि वाफेची वा पाण्याची वाट नियंत्रित होते. बॉयलरसाठी पाणी शुद्ध करताना आम्ल व क्षार वाहून नेणाऱ्या नळांवर ज्या झडपा असतात, त्यांत रबराचा पडदाच खाली दाबला जाऊन वाट बंद होते, त्यामुळे आम्लाचा स्पर्श धातूच्या यंत्रणेस होत नाही. ही झडप पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत काम करणाऱ्या साँडर्स नामक अभियंत्याने काढिली. खाणीत नळांनी नेलेली दाबाची हवा झडपांतून गळून वाया जाई, हे पाहून त्यास ही युक्ती सुचली. म्हणजे तीही श्वास वाचविण्याच्या खटपटीतूनच जन्मली!

ध्वनीच्या राज्यात तर या पडद्याने क्रांतीच केली. १८७६ साली ग्रॅहॅम बेलने टेलिफोन सिद्ध केला, त्यात बोलणाऱ्याच्या आवाजाने एक पातळ पडदा थरथरतो आणि त्या थरथरीचे विजेत रूपांतर होऊन दूरच्या टोकास दुसरा पडदा तशीच थरथर करतो. ग्रामोफोनच्या जुन्या ध्वनिपेटीत अभ्रकाची चकती असे. सुईची कंपने तीच हवेत सोडी. डॉक्टरांच्या स्टेथॉस्कोपचा जन्म १८१६ साली लेनेक याने गुंडाळलेल्या कागदाच्या नळीने केला; छातीवर टेकावयाची पडद्याची चकती त्यास पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोडली गेली. छातीतल्या डायफ्रामची हालचाल ऐकण्यास वैद्य बाहेरून दुसरा डायफ्राम लावतो, हा योग मौजेचा खरा. कॅमेऱ्यात मात्र या शब्दाने उलटी उडी मारली आहे. तेथे अनेक पातळ पाती एकमेकांवर सरकून मधले छिद्र लहानमोठे करतात. प्रकाश अडविणे हे त्या पात्यांचे काम, परंतु छायाचित्रकाराचे सारे लक्ष त्या छिद्रावर असते. कुंपणाचे नाव फाटकास मिळाले!

या शब्दाचा एक अर्थ गृहिणींच्या आयुष्याशी निगडित आहे. तो गाळणे हा भिडस्तपणा होईल. गर्भधारणा टाळण्यासाठी स्त्रीने वापरावयाच्या रबरी पडद्यासही डायफ्राम म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेन्सिंगा या जर्मन वैद्याने तो प्रचारात आणिला. महाराष्ट्रात संततिनियमनाचा विषय उघडपणे मांडणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत आपले केंद्र सुरू केले. त्याच साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले, यावरून कर्वे काळाच्या किती बरोबरीने चालत होते हे दिसेल. १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले, त्यापायी खटले सोसले; संततिनियमनाच्या कार्यापायी प्राध्यापकाची नोकरी तर त्यांनी आधीच गमावली होती. त्यांच्या सर्व मतांशी सहमत नसणाऱ्यांनीही एवढे मान्य करावे की, वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रीस आपल्या देहाविषयी स्वतः निर्णय घेता येईल असे साधन आहे, हे तिला मराठीत सांगणारा माणूस तेव्हा विरळाच होता. साधनांचे प्रकार पुढे पुष्कळ बदलले. सांगण्याची गरज मात्र सरली नाही.

एवढे सारे अर्थ पाहिल्यावर प्रश्न उभा राहतो: मराठीने या शब्दास काय म्हणावे? मराठी विश्वकोशाने देहातील अवयवास 'मध्यपटल' म्हटले आहे. शालेय पुस्तकांनी 'श्वासपटल' पत्करले आहे. पहिले नाव जागा सांगते, दुसरे काम सांगते. 'पटल' हा संस्कृत शब्द आच्छादन, पापुद्रा या अर्थाचा, तर 'पडदा' फारसीतून आलेला. पण 'कानाचा पडदा' म्हणताना तो परका आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. नागपूर प्रांताचा या कामाशी जुना संबंध आहे. डॉ. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची पहिली जुळवाजुळव नागपुरातच झाली. पुढे १९४६ नंतर काही वर्षे डॉ. रघुवीर यांनी नागपुरास राहून संस्कृत धातूंच्या आधारे पारिभाषिक शब्द घडविण्याचे प्रचंड काम केले. त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे काही शब्द जड म्हणून थट्टेचा विषय झाले हे खरे. पण थट्टा करणाऱ्यांनी हेही पाहावे की, ज्याने एकही शब्द घडविला नाही त्याची थट्टा करण्यास जागाच नसते.

इंग्रजीचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. तिच्यापाशी या अवयवास 'मिड्रिफ' हा अस्सल घरगुती शब्द होता. 'मध्य' आणि 'पोट' या अर्थाचे दोन जुने शब्द जोडून तो झालेला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमार्गे ग्रीक शब्द आला आणि विद्वानांनी तोच उचलला. घरगुती शब्द हळूहळू शास्त्रातून हद्दपार होऊन हल्ली बहुधा स्त्रियांच्या पोशाखाच्या संदर्भात, उघड्या कमरेवरील भागास लावला जातो. जो शब्द शास्त्रज्ञ वापरीत नाहीत तो शिंप्याच्या दुकानात जातो, हे मराठीच्या कैवाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आमचे मत थोडक्यात असे. एकच प्रतिशब्द सर्व अर्थांस पुरणार नाही, आणि तसा हट्टही नसावा. देहासाठी 'श्वासपटल' उत्तम आहे, कारण ते ऐकताच काम कळते. यंत्रशाळेत कामगारांच्या तोंडी रुळलेला 'डायफ्राम' बळाने काढून टाकण्यात लाभ नाही; त्याने तेथे घाम गाळून नागरिकत्व मिळविले आहे. परंतु शिक्षकांनी व पुस्तककर्त्यांनी एक गोष्ट अवश्य करावी: जेथे 'श्वासपटल' येते तेथे एका वाक्यात सांगावे की, हाच तो डायफ्राम, जो झडपेत आहे, टेलिफोनात आहे, टर्बाइनमध्ये आहे, सर्वत्र त्याचा अर्थ मधला पडदा, आणि सर्वत्र तो दोन बाजूंचा व्यवहार चालवितो. एवढ्या एका वाक्याने वीजघरातील बापाचे ज्ञान मुलाच्या अभ्यासास उपयोगी पडेल, आणि मुलाचा धडा बापास आपल्या देहाची ओळख करून देईल.

आणि ही ओळख केवळ पांडित्याची बाब नाही. वर्षानुवर्षे धूर किंवा धूळ श्वासाबरोबर आत गेली की फुप्फुसांची लवचिकता जाते. ती हवेने कायमची फुगून राहतात आणि श्वासपटलाचा घुमट खाली दबून सपाट होतो. सपाट झालेला घुमट आणखी खाली जाणार कोठे? मग मनुष्य मानेचे व खांद्यांचे स्नायू ताणून श्वास घेऊ लागतो, चार पायऱ्या चढताच थांबतो. हा विकार खाणीत वा धुळीत राबणाऱ्यास होतो, विडी ओढणाऱ्यास होतो, आणि कोंदट स्वयंपाकघरात जन्मभर चूल फुंकणाऱ्या स्त्रीसही होतो. घरात ज्यांनी कधी विडीला स्पर्श केला नाही अशा आजीबाई पायरीवर टेकतात, तेव्हा 'वयच झाले' म्हणून आपण सोडून देतो. कोणास दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, जिना चढताना बोलणे तुटू लागले, श्वास घेताना गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसू लागल्या, तर वयावर भार न टाकता डॉक्टरांकडे न्यावे आणि फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी. स्वयंपाकघरास धूर जाण्यास वाट ठेवावी, विडी-सिगारेट सोडावी, धुळीच्या कामावर तोंडास योग्य मुखपट्टी बांधावी.

आज रात्री मुले निजावयास आली म्हणजे त्यांस उताणे निजवून पोटावर एखादे लहान पुस्तक ठेवावे व ते श्वासागणिक कसे वरखाली होते ते दाखवावे. तेथे आत जो हलतो तो श्वासपटल, आणि बाबा ज्यास डायफ्राम म्हणतात तोही हाच, एवढे सांगितले की त्यांचा धडा झाला. मग वडीलधाऱ्यांनीही तोच प्रयोग आपल्यावर करून पाहावा. आणि पुस्तक हलतच नसेल, नुसते खांदेच वर जात असतील, तर श्वास पुन्हा शिकण्यास कोणत्याही वयात आरंभ करता येतो.